दोघींच्या मध्ये मी

मासळीच्या कालवणातल्या तिरफळांचा वास आला की लालबागच्या आमच्या दोन खोल्यांतली ती सकाळ आठवते आणि डोकं अजून तापतं. सासूबाई आणि कॉलेजात जाणारी माझी मुलगी एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत बोलायच्या. "तिका विचार, जेवतली काय?" "आजीला सांग, नंतर." माझा कुकर, ऑफिसचा डबा आणि वर हे निरोप. त्या दिवशी सासूबाईंनी पिशवीच भरली. "हय माझ्याशी कोण बोलता? मी गावाक जातंय, कायमची." मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, आजीला सांग ना, जाऊ नको." "तुला तोंड नाही?" म्हणत मी दार ओढलं आणि भाजी आणायला खाली उतरले. परतले तर जिन्यापर्यंत आवाज. "आजी, तुझ्या कालवणाचा वास माझ्या सगळ्या कपड्यांना येतो!" "मगे कपाट बंद कर! खातेवेळी मात्र बरा लागता!" "लागतंच! तू गेलीस तर करणार कोण? आईला जमत नाही." सासूबाईंनी पिशवी रिकामी केली; माझ्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नाही. हल्ली मुलगी नोकरीच्या गावाहून थेट आजीलाच फोन करते. मी हात पुढे केला की सासूबाई म्हणतात, "थांब गो, आमचा बोलणा चालू आसा."