अंगण पक्कं होईपर्यंत

आमच्या आदिलाबादच्या रोड लॅबमंदी काम कमी, किस्से जास्त. साठता साठता गिट्टीच्या ढिगाएवढे झाले! थोडे उपसतो.

आमच्याकडं एक मशीन हाये. डांबराची गरम लादी ठेवायची, वरून चाक तासन्‌तास मागं-पुढं फिरवायचं. चाकोरी खोल पडली की माल फेल! मशीन चालवते जैनथचे गंगाधरभाऊ. मी त्यांचा असिस्टंट.

एकदा एक ठेकेदार बासरच्या सरस्वतीचा प्रसाद घेऊनच आला. लादीले कुंकू लावलं, हात जोडून उभा. चाक फिरलं, लादी खचली!

"साहेब, काऊन फेल?"

आमचे इन्चार्ज राव सर चष्मा पुसत म्हणाले, "कुंकू बराबर आहे. डांबर जास्त झालं."

*

गंगाधरभाऊ डब्बा लादीच्या ओव्हनमंदी गरम करत. एक दिवस मी त्यांची ज्वारीची भाकर गुपचूप चाकाखाली ठेवली. तासभर फिरवलं. भाकरीवर वळ नाई!

राव सरांनी वाकून पाह्यलं. "मिक्स कोणाचं?"

"वहिनीचं, सर."

"अय्यो! तिला ठेका द्या!"

दुसऱ्या दिवशी गंगाधरभाऊच्या डब्ब्याले कुलूप!

*

फेल झालेला माल फेकायचा कुठं? राव सरांचा नियम: गरम करा अन् अंगणात अंथरा. दारापासून गेटपर्यंत सगळ्या ठेकेदारांचं फेल डांबर! दिसायले काळंभोर, एक नंबर!

*

मग एका जिल्ह्याचे चार झाले. सामानाची वाटणी सुरू. ओव्हन आमच्या यादीत, त्याचा थर्मामीटर दुसऱ्या जिल्ह्यात!

अन् ऑर्डर आली: मशीन पार लांब, बेज्जूरकडच्या नव्या जिल्ह्यात, चालवणारा माणूस मशीनसोबत.

"मी काय मशीनचा बोल्ट हाओ?" गंगाधरभाऊनं ऑर्डर राव सरांसमोर धरली. "घरी माय लकव्यानं पडली हाये. बायकोच्यानं एकटीनं तिले उचलनं होत नाई."

*

भर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी ट्रक आला. नव्या जिल्ह्याचे साहेब घाईत. मशीन चढवली. गंगाधरभाऊ पेटी घेऊन ड्रायव्हरजवळ बसले. त्या दिवशी मले एकबी चावटपणा सुचला नाई.

ट्रक दहा पावलं गेला अन् चारी चाकं उन्हानं मऊ पडलेल्या अंगणात रुतली! रेस दिली, अजून खाली!

"पहिले मशीन उतरवा!" साहेब ओरडले.

मशीन उतरली. मागून पेटी घेऊन गंगाधरभाऊबी उतरले.

"तुम्ही कुठं चालले?"

"ऑर्डर हाये ना साहेब. मशीनसोबत माणूस."

रिकामा ट्रक कसाबसा निंगाला. साहेब घाम पुसत म्हणाले, "हे अंगण आधी पक्कं करा. मगच नेतो मशीन."

"येस सर," राव सर म्हणाले. मग माह्याकडं वळले.

"उद्याचं फेल सॅम्पल जपून ठेव रे."