निळा आणि नारंगी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कॉम्प्युटर सांगाल तेवढंच करतो, हेच मी नव्या मुलांना शिकवत आलो. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेय… पण लिहितो.

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. इथली पहिली तपासणी-स्क्रीन मी आणि संतोषनं मिळून केली होती, कुरुळीतल्या त्याच्या खोलीवर बसून. पास झालेला पार्ट निळा, रिजेक्ट नारंगी. दोन्ही छटा त्यानं स्वतःच्या डोळ्यांना जुळवून निवडल्या, कारण त्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. "राव, तुझ्यापाशीच ठेव."

पुढे प्रमोशन आमच्या दोघांपैकी एकालाच मिळणार होतं. साहेबांच्या केबिनमध्ये मी त्याच्या डोळ्यांचं बोलून टाकलं. त्याला पॅकिंगला पाठवलं, दोन महिन्यांत त्यानं नोकरी सोडली. जाताना एवढंच म्हणाला, "तू तरी नको होतास."

परवा तीच स्क्रीन नव्यानं करायला घेतली. नवा लॅपटॉप, रिकामं फोल्डर. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसचं तयार फ्रेमवर्क इन्स्टॉल केलं — यात रंगांचे, मापांचे छोटे क्लास तयार मिळतात, आणि आपल्या फाइल्समध्ये जे वापरलेत तेवढ्यांचंच सीएसएस बनतं. पासला हिरव्याचा क्लास दिला, रिजेक्टला लालचा. बिल्ड केलं, म्हणजे फाइल्सवरून अंतिम सीएसएस बनवलं, आणि पान उघडलं…

निळा. नारंगी. त्याच छटा.

भर दुपार, जेवणाची सुट्टी. शेजारच्या टेबलावरच्या पल्लवीला बोलावलं. "सर, जुना कोड कॉपी केलाय ना?" नव्हता केला. तिनं अख्खं फोल्डर धुंडाळलं. त्या छटांचे कोड एकाही फाइलमध्ये नाहीत. बनलेल्या सीएसएसमध्ये मात्र हिरव्या-लाल क्लासपुढे तेच कोड. सगळं उडवून पुन्हा इन्स्टॉल केलं, तरी तेच.

मला वाटलं, संतोषच कुठून तरी हे करतोय. बघा, संशयसुद्धा त्याच्यावरच घेतला. फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी नाही केलं. केलं असतं तर आधी तुला सांगितलं असतं."

फोन कट झाला.

संध्याकाळी पुन्हा बिल्ड केलं तर हिरवा आणि लाल. एक अक्षरही बदललेलं नव्हतं. असं का झालं, ते पल्लवीला सांगता येत नाही, मलाही नाही. संतोष आता माझा फोन उचलत नाही… त्याचं कारण तेवढं मला माहीत आहे.