थुजीच्या हातचं

‘चेले ला’ नावाचा घाट उतरून पलीकडे गेलं की भूतानच्या पश्चिम टोकाला ‘हा’ नावाचं खोरं लागतं. नाव एवढंसं, पण हिवाळा लांबलचक. भात तिथं पिकत नाही. कुट्टू पिकतो, गहू पिकतो, सलगम पिकतं, आणि उरलेलं सगळं याकच्या पाठीवर. त्या खोऱ्यातल्या खालच्या गावात थुजी झामचं घर होतं. या घरात कोणी पाणीसुद्धा प्यायचं नाही.

याला कारण आप डोफू. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मानानं ‘आप’ म्हणतात. डोफू वरच्या गावचा. मोठा कळप, उत्तरेच्या घाटापलीकडच्या तिबेटशी मिठाचा आणि लोकरीचा व्यापार, बोलायला गोड. थुजीच्या आईचं, बिदाचं, एक कुरण होतं, ऐन झऱ्यावरचं. डोफूचा त्यावर डोळा. त्यानं आधी गोडीनं मागितलं, मग बदल्यात दुसरं देऊ केलं. बिदा म्हणाली, माझ्या आईनं मला दिलं, मी माझ्या मुलीला देणार. आमच्याकडे घर आणि जमीन लेकीकडेच जाते, त्यात वावगं काही नव्हतं. डोफू हसला, चहा पिऊन उठला आणि गेला.

त्याच साली शरदात डोफूचा धाकटा भाऊ तिबेटकडून खेचरं घेऊन परतताना बिदाच्या घरी थांबला. दारातच भिंतीला धरून उभा राहिला. बिदानं त्याला लोणी घातलेला चहा दिला, पेज दिली. तो कसाबसा घरी पोचला आणि दोन दिवसांत गेला. चितेवरची राख निवायच्या आत डोफूनं बोलायला सुरुवात केली. फार नाही बोलला. एवढंच, की शेवटचं अन्न त्यानं कुणाच्या हातचं खाल्लं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

डोंगरात हा आरोप फार वाईट. काही घरं विषाची असतात, आईकडून लेकीकडे ते विष जातं, पाहुण्याला घातलं की त्याचं भाग्य त्या घराला मिळतं, असं लोक मानतात. हा शिक्का एकदा बसला की कितीही घासला तरी निघत नाही. बिदाला कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. लोक रस्त्यात हसून बोलायचे. फक्त तिच्या घरचं खायचे नाहीत. आणि आमच्याकडे शेताचं काम एकमेकांच्या हातांनी होतं, आणि जिच्या शेतात काम असेल ती जेवू घालते. जेवणच नको म्हटल्यावर कामाला कोण येणार? कुट्टू शेतात झडून जायचा. थुजीचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. कळप निम्म्यावर आला, राखायला माणसं मिळेनात, आणि अखेर झऱ्यावरचं कुरण डोफूकडे गेलं. बिदाला त्यानं वरचं दगडी कुरण दिलं. तेही उपकार केल्यासारखं.

बिदा हट्टी बाई. दर वर्षी लोंबाच्या सणाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, ती होन्ते करायची. कुट्टूच्या पिठाची पारी, आत सलगमचा वाळवलेला पाला, याकच्या दुधाचं चीज, लोणी, आलं, आणि कडेला करंजीसारखी मुरड. त्या दिवशी घरोघर होन्ते वाटायची रीत. बिदा टोपली भरून दाराशी बसायची. शेजारणी समोरून एकमेकींकडे जायच्या. संध्याकाळी ती टोपली आत नेऊन ठेवायची आणि मायलेकी दोघी आठवडाभर तेच खायच्या. ती वारली तेव्हा गाव आलं, रीतीप्रमाणे रडलं, लाकडं वाहिली. पण येताना प्रत्येकानं आपापली भाकर फडक्यात बांधून आणली होती, आणि अंगणातल्या मोठ्या दगडावर बसून सगळ्यांनी ती खाल्ली. थुजीनं आत एवढा मोठा हंडा शिजवला होता. तो तिनं कुत्र्यांना घातला.

तिनं डूख धरला तो तिथून. रडली नाही. लोकांना वाटलं, निबर आहे. ती वरच्या कुरणावर एकटी याक राखायची, लोणी काढायची, चीजचे तुकडे धुरावर वाळवायची, आणि काम करताना डोफूचा विचार करायची. दुसऱ्या बायका मंत्र पुटपुटतात तसा.

मग एका वर्षी शरदातच बर्फ आलं. थुजी कळप खाली आणायच्या तयारीत होती तेवढ्यात आभाळ खाली आलं आणि बर्फानं वाट बुजली. दुपारी कुत्रं भुंकायला लागलं. तिनं दार उघडलं तर तीन माणसं बर्फात कमरेपर्यंत रुतत येत होती. पुढे लेथो, वरच्या गावचा सगळ्यात चांगला तिरंदाज, गप्पिष्ट आणि थट्टेखोर. मधे डोफूचा गुराखी नाडो. आणि मागे, दोघांच्या आधारानं, स्वतः आप डोफू. त्याचे चुकार याक शोधायला निघाले होते. सामानाचं खेचर दरीत गेलं होतं, त्याबरोबर खाणंही. त्या डोंगरात धूर निघणारं छप्पर एकच होतं, कारण त्या दगडी कुरणावर दुसरं कोणी जातच नव्हतं.

थुजी बाजूला झाली. बर्फातून आलेल्या माणसाला दारात अडवत नाहीत, मग तो कोणीही असो. तिनं त्यांना चुलीपाशी बसवलं, ओले बूट काढायला सांगितलं, घोंगड्या दिल्या. चुलीवर भांडं रटरटत होतं. कुट्टूची पेज, वाळलेलं याकचं मांस, चीज आणि लाल मिरच्या. तिनं एक वाटी घेतली, आपल्यासाठी भरली आणि खायला बसली.

तिघं बघत राहिले. लेथोनं दोनदा आवंढा गिळला. शेवटी नाडो, बाईमाणसाला मानानं मारायची हाक मारून, हळूच म्हणाला, “आउम, थोडं आम्हाला…”

“देते की,” थुजी म्हणाली. “भांडं भरलेलं आहे. पण माझ्या हातचं आहे. तुझ्या धन्याला विचार, चालेल का.”

डोफू जाळाकडे बघत होता. म्हणाला, मला भूक नाही. मग त्या दोघांना तरी भूक कशी असणार? थुजीनं आणखी अर्धी वाटी घेतली आणि सावकाश खाल्ली. एरवी ती इतकी खात नसे.

दुसऱ्या दिवशीही बर्फ थांबलं नाही. थुजीनं सकाळी मुद्दाम लोण्यात मिरच्या परतल्या. त्या वासानं कुत्रंसुद्धा दाराशी येऊन ओरडायला लागलं. डोफूचे ओठ फुटले होते. तो म्हातारा दिसायला लागला होता, आणि थुजीला ते बघायला आवडत होतं. असं वाटू नये असं तिला एकदाही वाटलं नाही.

लेथोचा धीर सुटला. “आप डोफू, विषानं मरेन तर निदान पोट भरून मरेन. दे गं, थुजी.”

“सगळ्यांना देईन,” थुजी म्हणाली. “पण आधी यांनी सांगायचं, भाऊ कसा गेला. मला नाही, मला माहीत आहे. तुम्हा दोघांना सांगायचं.”

बाहेर छपरावरून बर्फाचा थर घसरला. मग डोफू बोलला, खाली मान घालून. भाऊ घाटापलीकडेच आजारी पडला होता. अंग तापलेलं, छाती घरघरत होती, थुंकीतून रक्त येत होतं. मागे राहू का, असं त्यानं विचारलं होतं. पण घाट बंद होण्याआधी मीठ उतरवायला हवं होतं, म्हणून डोफूनं त्याला चालायला लावलं. भाऊ मागे खेचरांबरोबर, डोफू पुढे. बिदाच्या दारात तो पोचला तेव्हाच अर्धा मेलेला होता.

“आणि माझी आई?”

“तिनं पेज दिली,” डोफू म्हणाला. “बाकी काही नाही.”

“हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं.”

“होतं.”

नाडोनं तोंड फिरवलं. थुजीनं वाट्या भरल्या आणि डोफूच्या हातात वाटी देण्याआधी ती धरून ठेवली. “लोंबाच्या दिवशी तिरंदाजीच्या मैदानावर माझ्या टोपलीतलं खायचं. सगळ्यांसमोर. आणि हे जे बोललात ते तिथं बोलायचं. घ्या शपथ, आप चुंडूची.”

खोऱ्याचा तो राखणदार देव, कोपिष्ट. त्याची खोटी शपथ कोणी घेत नाही. डोफूनं घेतली. मग वाटी तोंडाला लावली, आणि दुसरी मागितली, आणि तिसरीही.

वाट मोकळी झाल्यावर ते गेले. थोड्याच दिवसांत थुजी कळप घेऊन खाली आली तर तिला गावात कळलं, की आप डोफू बर्फात अडकला होता म्हणे, एका कपारीत चीजचे तुकडे चघळून जगला म्हणे. लेथो आणि नाडो गप्प होते. एकाच्या बायकोचं माहेर डोफूचं, दुसऱ्याची भाकर डोफूची. थुजीला राग आला नाही. खरं तर तिला बरंच वाटलं. मुकाट्यानं शब्द पाळला असता तर त्यात काय मजा होती?

लोंबाच्या दिवशी वरचं गाव विरुद्ध खालचं गाव असा सामना. दोन्ही टोकांना निशाणाच्या फळ्या रोवलेल्या, पताका, ताजी दारू, आणि दोन्ही गावांच्या बायका रांगेत नाचत गाणी म्हणणाऱ्या. आपल्या गड्यांचं कौतुक, समोरच्यांची टर. तिथं बाई काहीही म्हणो, कुणाचं नाक, कुणाची सासू, कुणाची तोतरी जीभ, मैदानावर रागवायचं नाही अशी रीत. रागावला तो हरला.

थुजीला त्या रांगेत कधी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी ती नवी किरा नेसून आली, टोपली खाली ठेवली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. शेजारच्या बाईनं हात काढून घेतला. थुजी एकटीच पावलं टाकायला लागली. समोर आप डोफू धनुष्य घेऊन आला तशी तिनं आवाज लावला. डोंगरात याकला हाका मारून कमावलेला आवाज.

“वरच्या गावचा वाघ आला, गाल त्याचे लाल,
विष खाऊन जगला कसा, विचारा त्याचे हाल.
माझ्या चुलीशी बसून त्यानं भांडं केलं साफ,
कुत्र्यालाही उरलं नाही, पोट की धान्याचं माप!”

बायकांची रांग थांबली. डोफूनं धनुष्य ओढलं होतं. बाण सुटला तो फळीपासून कुठल्या कुठे, थेट नदीत. आणि मग वरच्या गावच्या बाजूनं कोणीतरी खदखदून हसलं. तो लेथो होता. हसू आवरेना तसा त्यानं धनुष्य खाली ठेवलं.

“खाल्लं हो,” तो म्हणाला. “मीही खाल्लं. नाडोनंही खाल्लं. आप डोफूंनी सगळ्यात जास्त खाल्लं. चव अजून जिभेवर आहे.”

नाडोकडे लोकांनी बघितलं. त्यानं होकारार्थी मान डोलावली.

थुजी टोपली घेऊन मैदानाच्या मधोमध चालत गेली. आडवं कोणी आलं नाही. डोफूसमोर तिनं फडकं बाजूला केलं. “आप चुंडू बघतोय,” एवढंच म्हणाली. त्या देवाचा डोंगर समोरच होता.

डोफूनं एक होन्ते उचलला आणि खाल्ला. तिनं टोपली मागे घेतली नाही. त्यानं दुसरा खाल्ला. तिसऱ्याला त्याला ठसका लागला, त्यानं पाणी मागितलं. “आधी बोला,” थुजी म्हणाली. “पाणी नंतर.” तो बोलला. तोंडात घास, मिशीला पीठ, आणि दोन्ही गावं ऐकताहेत. भावाचा ताप, रक्त, मीठ, सगळं. आवाज बसला की ती म्हणायची, मागच्यांना ऐकू आलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागायचं. भावाची बायको चोकी बायकांच्या रांगेत उभी होती. तिनं गळ्यातली शाल सोडली आणि तिथंच खाली बसली.

सगळं सांगून झालं तशी गावाला एकदम कंठ फुटला. बिदा किती चांगली होती, आम्हाला तेव्हाच शंका आली होती, वगैरे. शेजारच्या म्हातारीनं पुढे होऊन टोपलीकडे हात नेला. मग दुसरी, मग तिसरी.

थुजीनं टोपलीवर फडकं टाकलं. “तुमच्यासाठी नाही. माझी आई दाराशी बसायची तेव्हा होतं.”

म्हातारीचा हात तसाच राहिला. थुजी टोपली घेऊन घरी गेली.

पुढच्या हंगामात गाव तिच्या शेतावर कामाला आलं. तिनं येऊ दिलं. पण आपापली भाकर आणा म्हणून आधीच सांगितलं, आणि दुपारी सगळ्यांना अंगणातल्या त्या मोठ्या दगडावर बसवलं. आतून मिरच्या-चीजचा वास येत होता. पुढे कित्येक वर्षं हेच चाललं, आणि लोकांनी ते मुकाट्यानं सोसलं. डोफूनं झऱ्यावरचं कुरण परत केलं, तेही माणूस पाठवून. थुजीनं त्या माणसाला निरोप दिला, की घेतलं, आभार मानणार नाही. वरच्या गावात डोफू बोलायला लागला की बायका तोंडावर हात धरून ते गाणं गुणगुणायच्या.

त्या घरात जेवलेली पहिली बाई म्हणजे चोकी. मैदानावरच्या त्या दिवसानंतर ती डोफूच्या घरातून आपले याक घेऊन निघाली होती. एका सकाळी ती थुजीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी इतकी वर्षं तुझ्या आईला शिव्या घातल्या.”

“माहीत आहे.”

“चहा देतेस का?”

थुजीनं चुलीजवळची घोंगडी सरकवली. दोघी बसल्या, चहा झाला, मग मिरच्या-चीज झालं, विकत आणलेला लाल भात झाला, थोडी दारूही झाली. आणि आप डोफूच्या चालण्यापासून त्याच्या दातांपर्यंत दोघींनी त्याची अशी काही सालं काढली, की जेवण संपून भांडी वाळली तरी त्यांचं बोलणं संपेना.