म्हसोबापर्यंतची भरती

बुलढाण्याला थंड हवा आहे, घाट आहे, कचेरी आहे आणि कचेरीत जाणारे लोक आहेत. समुद्र नाही. जवळात जवळ म्हटला तरी तो अडीचशे मैलांवर. असे असूनही आमच्या सरोवर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत समुद्रकिनाऱ्यावर एक अख्खे कलम होते, आणि ते वैजनाथराव मेहकरकरांच्या हातचे होते.

वैजनाथराव एकतीस वर्षे कचेरीत नक्कलनवीस होते. कुणाच्या बांधाचा निकाल, कुणाच्या दत्तकाचा कागद, जे समोर येईल त्याची ते हुबेहूब प्रत उतरवीत. मूळ कागदावर शाईचा डाग असला तर प्रतीत त्या जागी कंसात ‘येथे डाग’ असे लिहीत. शेवटी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ लिहून सही ठोकीत. मजकूर वाचायचा नाही, हा त्यांचा नेम. “वाचलं की हात थबकतो, अन् थबकलेला हात चुकतो,” असे ते नव्या उमेदवारांना सांगत. एकतीस वर्षांत त्यांची एकही नक्कल परत आली नाही. घर, बागायत, बँकेतली शिल्लक यांतले काहीच सांगण्यासारखे नसलेल्या माणसाला हे एक सांगता येत होते, आणि ते सांगत.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षे झाली होती. ज्याला त्याला सहकार करायचा होता. आम्ही एकोणीस जण, कारकून आणि मास्तर, गावाबाहेरच्या तलावाच्या उतारावर जमीन घेऊन संस्था काढून बसलो. काठाची पट्टीही नकाशात संस्थेच्या हद्दीत आली. आता उपविधी हवे होते. उपविधी म्हणजे काय ते कुणालाच धड ठाऊक नव्हते, म्हणून काम एकमताने वैजनाथरावांकडे गेले. त्यांचे साडू मुंबईकडे समुद्राकाठच्या एका सोसायटीत राहत. त्यांनी आपल्या सोसायटीचे उपविधी पोस्टाने धाडले. वैजनाथरावांनी संस्थेचे नाव आणि जिल्हा तेवढा बदलला आणि अडतीस कलमे एका बैठकीत उतरवली. अक्षर असे की वाचायची गरजच वाटू नये. आम्हा एकोणीस जणांना ती वाटली नाही. सह्या झाल्या, यथावकाश मंजुरी आली.

वर्षभराने सत्यनारायणाच्या दिवशी प्रसादाची वाट बघता बघता कुणीतरी ती वही चाळली आणि सत्ताविसाव्या कलमापाशी फिस्सकन हसले. ‘संस्थेच्या हद्दीस लागून असलेल्या समुद्राच्या भरतीची सर्वोच्च खूण’ अशी त्याची सुरुवात होती. वही हातोहात फिरली. प्रत्येक जण तेवढीच ओळ वाचून हसला आणि वही पुढे दिली. त्यापुढे त्या कलमात काय आहे ते कुणी पाहिले नाही. हसायला तेवढे पुरेसे होते.

त्या दिवसापासून वैजनाथरावांचे कठीण झाले. ते पिशवी घेऊन निघाले की कुणी ओट्यावरून विचारी, “काय सचिव, आज भरती किती वाजता?” उन्हाळ्यात तलाव आटला की, “ओहोटी लागलेली दिसते!” सचिवपद त्यांच्याकडे आले ते दुसऱ्या कुणालाच नको होते म्हणून. पण आल्यावर त्यांनी ते सोडले नाही, आणि कुणाला सोडलेही नाही. पाण्याच्या टाकीजवळ एक फळा होता. त्यावर रोज सकाळी खडूने सूचना उमटे. अमक्यांच्या शेळीने तमक्यांची तुळस खाल्ली, कलम अकरा. शेजाऱ्याच्या गच्चीवर विनापरवाना कुरडया, कलम चौदा. कलेक्टर कचेरीतल्या एका बड्या बाबूंचा रेडिओ त्यांनी कलम एकोणीसखाली बंद करायला लावला, तोही सोसायटीतला एकमेव रेडिओ, आणि तोही क्रिकेटच्या वेळी. लोक चिडत. वैजनाथराव म्हणत, “मी कुठं बनवलंय? लिहिलेलं आहे.”

भरती मात्र त्यांना झोंबे. एकतीस वर्षांत न झालेली चूक निवृत्त झाल्यावर व्हावी, आणि ती रोज कुणीतरी मोठ्याने वाचावी! म्हणून त्यांनी एक अर्ज लिहून ठेवला होता. ‘नक्कल करताना निम्नस्वाक्षरीकाराच्या अनवधानाने कलम २७ समाविष्ट झाले असून ते लेखनदोष समजून वगळावे.’ त्यावर फक्त तारीख आणि सही राहिली होती. जुने अध्यक्ष म्हणत, “राहू द्या हो, मजा आहे.” म्हणून तो अर्ज वहीत घडी घालून पडून होता.

सदुसष्ट साली शरच्चंद्र वकील अध्यक्ष झाले. त्यांचा प्लॉट काठाला सगळ्यांत जवळचा. गच्चीचे घर, समोर लोखंडी कड्यांचा झोपाळा, त्यापुढे नवीकोरी कंपाउंडची भिंत. वकीलसाहेब मुंबईला जाऊन आले होते आणि तिथे लोक संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसतात, एवढे त्यांनी पाहिले होते. आपल्याकडेही तसे व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. काठाला काटेरी तारेचे कुंपण, एक फाटक, फाटकावर ‘फक्त सभासदांसाठी’ ही पाटी आणि आत सिमेंटचे चार बाक, असा ठराव त्यांनी आणला.

अडचण एकच होती, ती म्हणजे बाया. तलावापलीकडे माळ्यांचे मळे. तिथल्या बाया रोज सकाळी भाजीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघत, आणि आमच्या काठावरच्या सपाट दगडांवर मुळे, गाजरे, मेथी धूत. माती खाली, भाजी टोपलीत, आणि त्यात मोठमोठ्याने गप्पा. वकीलसाहेबांच्या झोपाळ्यावर त्या स्पष्ट ऐकू येत. कधी कधी त्या वकीलसाहेबांविषयीच असत.

ठरावाची बातमी लागताच त्या बायांतली तानाबाई सरळ वैजनाथरावांच्या ओट्याशी आली. डोक्यावरची टोपली तिने खाली ठेवली नाही.

“बाबूजी, वकीलसाहेब तार ठोकून राह्यले म्हणते. खरं हाय?”

“ठराव आहे. शनिवारी सभेत येईल.”

“सभेत येऊ द्या नाही तं जत्रंत येऊ द्या. मले सांगा, मी मुळे कुठी धुवू?”

“तलाव मोठा आहे, तानाबाई.”

“मोठा हाय. इकून बाभळी अन् तिकून मांडीइतला गाळ. त्यात मुळे धुवाले उतरली तं मुळ्यासंगं मलेच उपटा लागन. अन् चिखलाचा मुळा बजारात कोन घेते? तुम्ही घ्यान?”

वैजनाथराव मुळा निवडून घेणाऱ्यांपैकी होते. ते म्हणाले, “मी नुसता सचिव आहे. माझ्या हातात काही नाही.”

“नाही काऊन? त्या फळ्यावर रोज तुम्हीच लिहिता ना?”

आतून अन्नपूर्णाबाईंचा, म्हणजे वैजनाथरावांच्या पत्नीचा, आवाज आला, “लिहितात गं बाई. वाचत नाहीत.”

तानाबाई गेली. दुपारी जेवण झाल्यावर वैजनाथरावांनी उपविधींची वही काढली, चष्मा पुसला आणि स्वतःच लिहिलेला मजकूर पहिल्यांदा वाचायला घेतला. अन्नपूर्णाबाईंनी चहा झाल्याचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “थांब. वाचतोय.” तीस वर्षांच्या संसारात हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकला, असे त्या पुढे सगळ्यांना सांगत.

सत्ताविसावे कलम असे होते: ‘संस्थेच्या हद्दीस लागून असलेल्या समुद्राच्या भरतीची सर्वोच्च खूण, तेथपासून आत शंभर फुटांपर्यंतचा व खाली पाण्यापर्यंतचा किनारा सार्वजनिक वहिवाटीसाठी कायम खुला राहील. त्यावर कोणाही सभासदास वा संस्थेस भिंत, कुंपण अथवा अन्य अडथळा उभारता येणार नाही. किनाऱ्यावर उपजीविका करणाऱ्यांस हरकत घेता येणार नाही.’

ते त्यांनी तीनदा वाचले. मग अर्जाची घडी उलगडून तोही एकदा वाचला, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून चहा थंड होईपर्यंत बसून राहिले. अर्जावर सही केली की भरतीची थट्टा संपत होती. आणि बायांचे दगडही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोजायची फीत घेऊन तलावावर गेले. पुंजाजी भोई तिथे जाळे सुकवत बसला होता. वय ऐंशीच्या आसपास. सोसायटीच काय, तलावाचा बांधही आपल्या डोळ्यांदेखत झाला, असा त्याचा दावा होता.

“पुंजाजी, हे पाणी वर वर कुठपर्यंत आलेलं पाहिलंय तुम्ही?”

पुंजाजीने उतारावरच्या म्हसोबाकडे बोट केले. शेंदूर फासलेला दगड, काठापासून चांगला वर. “त्याच्या पायाले लागलं होतं. ज्या साली हिरी भरून वाह्यल्या त्या साली. मी डोंगीत बसून म्हसोबाले शेंदूर लावला.”

“लिहून द्याल?”

“अंगठा देतो. म्हसोबाचा बी घ्या पाह्यजे तं.”

वैजनाथरावांनी म्हसोबापासून फीत धरली आणि चढावर मोजत गेले. जिथे शंभर फूट भरले तिथे ते थोडा वेळ उभे राहिले, मग आकडा वहीत टिपून घरी आले. फळ्यावर त्या दिवशी सूचना नव्हती. लोकांना ते चमत्कारिक वाटले.

शनिवारी संध्याकाळी सभा भरली, वकीलसाहेबांच्याच अंगणात. झोपाळ्यावर स्वतः वकीलसाहेब, आम्ही सतरंजीवर. ठराव वाचला गेला. कुणाची हरकत नव्हती. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी त्याच मळ्यांची भाजी येत होती. पण हरकत घ्यायला उभे राहावे लागते, आणि सतरंजी नवी होती.

वैजनाथराव उभे राहिले. “ठराव मांडता येत नाही. कलम सत्तावीस.”

मग जे हसू झाले ते पार टाकीपर्यंत ऐकू गेले असेल. कुणीतरी ओरडले, “भरती आली, पळा!”

वैजनाथराव हसू ओसरायची वाट बघत उभे राहिले. मग त्यांनी कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. सार्वजनिक वहिवाट, भिंत, कुंपण, उपजीविका. दुसऱ्या वाक्याशी हसणारे कमी झाले, तिसऱ्याशी उरले नाहीत.

वकीलसाहेब म्हणाले, “वैजनाथराव, अहो हा तलाव आहे. समुद्र नाही.”

“कलमात समुद्र आहे, नकाशात तलाव आहे. संस्थेच्या हद्दीला लागून पाणी मात्र एकच आहे, वकीलसाहेब. तुम्हाला दुसरं कुठं दिसत असेल तर दाखवा.”

“ही उघड चूक आहे!”

“असेल.”

“मग दुरुस्त करू.”

“करा ना. चौदा दिवसांची नोटीस, दोन-तृतीयांश मतं, मग मंजुरीला वर पाठवा. साहेब जागा बघायला येतील. मी त्यांना मोजून दाखवीन.” त्यांनी वही उघडली. “भरतीची सर्वोच्च खूण म्हसोबाचे पाय. साक्ष पुंजाजी भोई, अंगठा घेतलाय. तिथून शंभर फूट चढावर आलं की तुमची भिंत ओलांडून फीत आत येते आणि झोपाळ्याच्या अलीकडच्या खांबाला लागते. म्हणजे अध्यक्ष सध्या सार्वजनिक किनाऱ्यावर बसलेले आहेत.”

झोपाळा हलायचा थांबला.

वकीलसाहेब वकील होते. त्यांनी आवाज उतरवला, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, “अहो, एवढं कशाला? तुमचा तो अर्ज आहे ना? अनवधानाने झालं, लेखनदोष. लिहिणाऱ्यानेच कबूल केलं की नोटीस नको, मतं नकोत. सही करा, प्रश्न मिटला. आणि पुन्हा कुणी भरतीचं नाव काढणार नाही. हा शरच्चंद्राचा शब्द आहे.”

हा शब्द खरा होता, आणि वैजनाथराव चार वर्षे त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी वहीतून अर्ज काढला. खिशातले पेन उघडले. आम्ही सगळे बघत होतो. मी चष्मा पुसत होतो, कारण अशा वेळी पुसायला काहीतरी हातात असलेले बरे.

वैजनाथरावांनी अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी तो वहीवर नीट बसवला आणि वळणदार अक्षरात लिहीत, लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले, “सभेचे इतिवृत्त. कुंपणाचा ठराव कलम सत्तावीसच्या विरुद्ध असल्याने दाखल करून घेतला नाही. नक्कल अस्सल बरहुकूम असून तीत दोष नाही. सही, सचिव.”

“चूक कबूल करायला कमीपणा वाटतो तुम्हाला,” वकीलसाहेब म्हणाले. आता प्रेम नव्हते.

“वाटतो,” वैजनाथराव म्हणाले. “पण आता ती चूक नाही. समुद्र आहे आणि तो सगळ्यांचा आहे. हसायचं त्यांनी हसावं. फळ्यावर रोज भरतीची वेळ लिहून देतो, पाहिजे तर.”

वकीलसाहेबांनी दुरुस्तीची नोटीस काढली नाही. जागा बघायला वरून कुणी यावे, असे त्यांना वाटेनासे झाले. सचिव बदलण्याची भाषा काही दिवस झाली. पण पुढचा सचिव कोण, या प्रश्नाशी प्रत्येक वेळी सगळ्यांना घरची कामे आठवत.

वैजनाथरावांनी मात्र सांगितले तसे केले. दुसऱ्या सोमवारपासून फळ्यावर शेळी आणि कुरडयांच्या वर एक नवी ओळ येऊ लागली: ‘आज भरती: नाही. किनारा खुला.’ ‘भरती किती वाजता’ विचारणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. उत्तर लिहिलेलेच होते. आणि काठावरच्या सपाट दगडांपाशी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवून एक पत्र्याची पाटी रोवली.

सकाळी तानाबाई आली. पाटीसमोर टोपली घेऊन उभी राहिली. वैजनाथराव तिथेच खांबाभोवतीची माती पायाने दाबत होते.

“काय लिवलं बाबूजी?”

“समुद्रकिनारा. सर्वांसाठी खुला. कलम सत्तावीस.”

तानाबाईने पाण्याकडे पाहिले, पलीकडच्या बाभळींकडे पाहिले, मग वैजनाथरावांकडे.

“हा समिंदर होय? बरं झालं सांगतलं बाप्पा. मी आतापावतर तलावच समजून राह्यली होती.”

“मीही,” वैजनाथराव म्हणाले.

तिने टोपली दगडावर उतरवली आणि पहिला मुळा पाण्यात बुडवला. वर झोपाळ्यावर कुणी नव्हते.