पाटोळेबाईंच्या दारातली रांग

डॉ. करुणा पाटोळे यांना मी पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. मी नोकरी मागायला गेले होते. नगरहून एसटीनं काष्टीला उतरले, बाजारतळाजवळचा त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना शोधला आणि दारातली चपलांची भलीमोठी रांग ओलांडून थेट आत शिरले. बाई एका म्हाताऱ्याची छाती तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "चप्पल कुठं काढलीस?"

"दाराशी."

"शेवटी लाव. नंबर आला की ये."

"मी पेशंट नाही, डॉक्टर आहे," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"मग तर तुला रांगेत बसवेल. ताप नाही, खोकला नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टेथोस्कोप पुन्हा कानाला लावला.

दुपार कलल्यावर माझा नंबर लागला. "एवढा वेळ बसलीस म्हणजे टिकशील," एवढीच काय ती मुलाखत.

त्या रांगेचा कायदा आसपासच्या वाड्यावस्त्यांना पाठ होता. आल्याबरोबर आपली चप्पल शेवटच्या चपलेमागं लावायची आणि मोकळं व्हायचं. शनिवारी बाजाराला आलेली माणसं चप्पल लावून खुशाल भाजी घ्यायला जात. बाजारात कोणी अनवाणी दिसला की तो पाटोळेबाईंचा पेशंट, हे भाजीवाल्यांनाही कळायचं. काही बहाद्दर घरून एखादा जुना तुटका जोड पिशवीत घालून आणत, तो रांगेत लावत आणि पायातली चप्पल पायातच ठेवून हिंडत. असला जोड बाईंच्या नजरेतून सुटत नसे. तो चिमटीत धरून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "ही चप्पल लईच आजारी दिसतीय. हिच्यासोबत कोण आलंय?" आणि ती उचलून शेवटी ठेवत. अडलेली बाळंतीण, दम लागलेला किंवा रक्तानं भरलेला माणूस, एवढ्यांनाच रांग माफ होती. बाकी सरपंच आला तरी त्याची कोल्हापुरी चप्पल एखाद्या ऊसतोडणीवाल्याच्या स्लिपरमागं गुमान बसे. मला ते दृश्य फार आवडायचं.

नव्या इमारतीचा विषय बाईंनीच काढला. जुन्या दवाखान्यात एकच खाट होती. मी येण्याच्या आधी कधीतरी एक बाळंतीण आली, तेव्हा त्या खाटेवर सलाईन लावलेला पेशंट होता. तिला पेशंटच्या बाकावर निजवलं, मग जीप बोलावून दौंडला धाडलं. बाळ वाटेतच गेलं. बाईंनी मला हे एकदाच सांगितलं. पुढे त्या नुसतं "तो बाक" म्हणत. "मला आता बाकावर बाळंतपण करायचं नाही," हे त्यांनी ठरवलं होतं, आणि बाईंनी ठरवलं की ते झाल्यातच जमा असे.

दौंड रस्त्याला त्यांनी जागा घेतली. खाली तपासणीच्या खोल्या, आत बाळंतपणाची वेगळी खोली, वर खाटाच खाटा. गावाला मात्र ती इमारत पचेना. "एवढ्या गुळगुळीत फरशीवर आमचं काय काम?" असं बायका म्हणत. "बाई आता मोठ्या झाल्या," असंही कोणी म्हणालं. माणसं पाठ फिरवतील, असं मी बाईंना बोलून दाखवलं.

"भीती तीच आहे," बाई म्हणाल्या. "जो तापाला आला नाही, तो बाळंतपणाला सून कशाला आणेल? म्हणून बाजाराच्या दिवशीच दार उघडायचं. देव बघून घेईल. आणि नाही बघितलं तर आपण आहोतच."

आदल्या दिवशी बाईंच्या चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली, विठोबातात्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. हे तात्या म्हणजे बाईंचे सगळ्यात जुने पेशंट, दम्याचे. शनिवारी सकाळी मी पोचले तर माणसं आली होती! चपलांची रांग पायऱ्या उतरून अंगणात गेली होती. बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि आम्ही दोघी आत गेलो.

थोड्या वेळात बाहेर कालवा सुरू झाला. घडलं होतं असं: बाईंच्या राहात्याच्या भावानं त्यांना चपलांचा मोठा स्टँड भेट दिला होता. नव्यानं लागलेल्या शकुंतला सिस्टरना कायदा ठाऊक नव्हता. फरशी चकचकीत राहावी म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं सगळ्या चपला उचलून स्टँडवर मांडल्या होत्या. बायकांच्या वर, पुरुषांच्या खाली, पोरांच्या एका बाजूला. दिसायला सुरेख, पण नंबर एकाचाही उरला नव्हता. जो तो "मी आधी" म्हणत होता. तात्या तर संतापानं धापा टाकत होते.

"माझी चप्पल पयली हुती! उजाडायच्या आत आलोय मी. बाई, तुमची माडी तुमाला लखलाभ. हितं आमचा नंबर न्हाई, आमी चाललो."

तात्यांनी चप्पल पायात घातली. त्यांच्यामागून आणखी माणसं उठली. सिस्टर रडकुंडीला आल्या. मला तर दौंड रस्त्यावरची ती सगळी इमारत रिकामी दिसायला लागली.

बाई कुणालाच रागावल्या नाहीत. अनवाणी बाहेर आल्या, स्टँडवरच्या चपला दोन्ही हातांनी खाली ओढल्या आणि त्या ढिगाशेजारी सरळ फरशीवर बसल्या. "तात्या, भांडण नंतर. तुमच्या पुढं कोण होतं?"

"माझ्या म्होरं कुनी न्हाई."

"मग उंबऱ्याला लावा. तात्यांच्या मागं कोण?"

"मी," एक बाई म्हणाली. "माझ्या मागं हा निळ्या फेट्यावाला." आपला नंबर सांगायला सगळेच भांडत होते, पण आपल्या पुढं-मागं कोण होतं हे जो तो खरं सांगत होता. एकेक चप्पल ढिगातून निघाली आणि पुन्हा तीच रांग त्या गुळगुळीत फरशीवरून, पायऱ्यांवरून अंगणात उतरली. मळक्या पावलांचे ठसे सगळीकडे उमटले. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता दवाखाना झाला. या तात्या." स्टँडवर पुढे सलाईनची खोकी राहिली.

महिना उलटायच्या आत तात्यांचीच नातसून बाळंतपणाला आली. बाळ रडलं, तसं हातमोजे काढत बाईंनी मला विचारलं, "बाहेर बाकावर कुणी नाही ना?"

"पेशंटचे नातेवाईक चहा पितायत," मी म्हणाले. बाई भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

थकल्यावर त्यांनी दवाखाना माझ्या हाती दिला. ब्लडप्रेशर तपासायला येत तेव्हा चप्पल शेवटी लावून बसत. लोक ती हळूच पुढं सरकवत. बाई डोळे वटारून ती परत मागं नेत.

गेल्या त्या झोपेतच. सकाळी मी धावत त्यांच्या घरी पोचले, तर गल्लीच्या तोंडाशीच थांबले. एरवी मयताच्या दारात चपलांचा खच पडलेला असतो. इथं बाईंच्या उंबऱ्यापासून चपला रांगेनं लागल्या होत्या. एकामागं एक, पार रस्त्यापर्यंत. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

विठोबातात्या काठी टेकत पुढं आले. "डॉक्टरताई, तुमी घरच्याच. तुमी म्होरं जावा."

"नाही तात्या," मी म्हणाले, "नंबरानं येते." आणि शेवटच्या चपलेमागं मी माझी चप्पल काढली.