भाऊबिजेला पुसलेली खिडकी

हे मी कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्या दोघांना सोबत घेऊन धंदा उभा केला त्यांच्याजवळ नाही, दोन पेग पोटात गेल्यावरही नाही. तुमच्याजवळ बोलतो, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, रडणार नाही. रडून सांगितलं की माणसं लगेच पाठीवरून हात फिरवतात, आणि मला पाठीवर कुणाचा हात नको आहे.

सुरुवात कुठून करू? मागच्या महिन्यात रायपूरच्या आमच्या मराठी मंडळींनी मला हॉलवर बोलावलं. तरुण पोरांना चार गोष्टी सांगा म्हणाले: छोटा धंदा कसा काढावा, त्याची जाहिरात कशी करावी, यश म्हणजे काय. मी काचा पुसतो. म्हणजे आता माझी माणसं पुसतात. बँका, दवाखाने, मोटारींच्या शोरूम, नव्या राजधानीतली ऑफिसं. शाल-नारळ घेतला आणि बोललो. ही पोरं मराठी समजतात, पण बोलतात हिंदीत. एक पोरगी उठून म्हणाली, "अंकल, आपके लिए सक्सेस क्या है?" मी म्हटलं, गिऱ्हाईकाला काच दिसू नये, काचेपलीकडचं दिसावं, तेच माझं यश. टाळ्या पडल्या. वाक्य घरूनच पाठ करून गेलो होतो.

जाहिरातीचं जे सांगितलं ते मात्र खरं होतं. राज्य नवं झालं तेव्हा आमच्या गुढ़ियारी वस्तीत जो तो म्हणायचा, राजधानी झाली, आता नोकऱ्याच नोकऱ्या. बाबा रेल्वेत होते, त्यांनाही तेच वाटायचं. मला नोकऱ्या दिसल्या नाहीत, काचा दिसल्या. जिथे आधी लाकडी फळ्यांची दुकानं होती तिथे चार-चार मजली काचेच्या इमारती उठत होत्या. आणि आमच्या गावाची काळी धूळ तर होतीच. कारखान्यांकडून वारा आला की सकाळी पुसलेली काच संध्याकाळी बोटाला काळी लागायची. लोक तिला शिव्या घालायचे. मी — खोटं कशाला बोलू? — मी तिच्याकडे पाहून खूश व्हायचो.

भल्या सकाळी, शटर उघडायच्या आधी, मी शोरूमच्या मळक्या काचेवर बोटानं माझा फोन नंबर लिहून यायचो. मालक संतापून फोन करायचा, शिव्या द्यायचा. त्या मी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, "भैया, नंबर साफ दिखा ना? तो सोचो, काँच कितनी गंदी है." काही फोन आपटायचे. काही हसून बोलवायचे. हॉलमधली पोरंही हसली.

मग एकानं विचारलं, पहिलं मोठं काम कसं मिळालं? मी म्हटलं, मेहनतीनं.

तो शब्द मी फार सहज बोलून गेलो. इतकी वर्षं बोलत आलोय, जिभेला आता अडत नाही.

माझी एक बहीण आहे. शालूताई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई आजारी असायची, त्यामुळे माझी वेणी सोडून बाकी सगळं तिनंच केलं, असं आम्ही गमतीनं म्हणतो. तिला रायपूरला लागूनच असलेल्या बीरगावात दिलं. घर स्वतःचं, बैठं, मागे एक खोली, आणि त्या खोलीच्या खिडकीसमोर गल्ली ओलांडली की कारखान्याची भिंत. लग्न झालं तेव्हा तिथे मोकळं मैदान होतं. कारखाना नंतर आला. धूर रात्री सोडायचे. सकाळी वाळत घातलेलं धुणं, तुळस, पिण्याच्या पाण्याचा माठ, सगळ्यावर काळी साय.

तिला एकच लेक, मिनू. चार वर्षांची होती तेव्हापासून तिची छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. हवा काय दुकानात मिळते? ताई चिडली. माझी ताई चिडली की भांडत नाही, कामाला लागते. तिनं पाऱ्यातल्या, म्हणजे तिच्या मोहल्ल्यातल्या, बाया गोळा केल्या. शेजारची बिसाहिन तिच्या जोडीला. ती छत्तीसगढी बोलणार, ही आपली नागपुरी, आणि दोघींचं छान जमायचं. धुराविरुद्ध अर्ज केले, सरकारी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी निरोप आला की दिवाळी झाल्यावर तपासणीला साहेब येतील, घरं बघतील, धूळ बघतील.

आता दिवाळीच्या तोंडावर आपल्या बाया काय करतात? घर धुतात. अंगात ताप असला तरी धुतात. तक्रार करणाऱ्या सगळ्या बायांनी साहेबांना दाखवायची धूळ स्वतःच्या हातानं घासून काढली. साहेब येणार म्हणून थांबा, असं ताई दारोदार सांगत फिरली. बाया म्हणाल्या, लक्ष्मी काळ्या घरात येईल का? धूळ काय, पुन्हा बसेल. बसायचीच. पण दिवाळीत कारखान्यानं धूर आवरता घेतला होता. तेही काही खुळे नव्हते.

एकटी ताई थांबली. मागच्या खोलीची ती खिडकी तिनं पावसाळ्याआधीपासून पुसलीच नव्हती. वर छज्जा होता, पावसाचं पाणी लागत नव्हतं. काचेवर असा थर की पलीकडची भिंत दिसत नव्हती. सासू रोज बडबडायची. ताई म्हणायची, दिवाळी पुढच्या वर्षीही येते.

तर अशात मला कारखान्याच्या मॅनेजरचं बोलावणं आलं. नंबर त्यांना कुठल्यातरी काचेवरच मिळाला होता. थंडगार केबिन, चहा, बिस्किटं. ऑफिसच्या इमारतीचं, गेस्ट हाउसचं, सगळ्या काचांचं वर्षाचं काम देतो म्हणाले. त्याआधी एक छोटं काम. भिंतीलगतच्या पाऱ्यात लोक कुरकुर करताहेत, तिथली दारं-खिडक्या एकदा चकाचक करून द्या. आमचं नाव नको. काहीतरी सांगा लोकांना.

माझी बहीण तिथे राहते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. आणि लोकांना काय सांगायचं हे त्यांनी मला शिकवलं नाही. ती अक्कल माझी. मी मनाशी म्हटलं, भाऊबीज येतेच आहे.

मनाशी मी बरीच वर्षं ही गोष्ट अशी सांगायचो: पारा पुसायचं ठरलं, पारा पुसला, त्यात ताईची ती खिडकीही गेली. कामाच्या ओघात गेली. मला काय ठाऊक ती तिनं राखून ठेवली आहे? असं सांगितलं की बरं वाटायचं.

पण मला ठाऊक होतं.

भाऊबिजेच्या सकाळी मी दोन माणसं, शिड्या, बादल्या घेऊन बीरगावात उतरलो. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मोठ्यानं सांगितलं, यंदा ओवाळणी माझ्या ताईलाच नाही, तिच्या सगळ्या पाऱ्याला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कुणी अनरसे आणून दिले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला हात धरून मागच्या खोलीत नेलं, खिडकी दाखवली आणि म्हणाली, "बाकीचं काय पुसाचं ते पूस बाबू, हे सोड. साहेब लोकायले दाखवाचं हाय. हे माह्या मिनूचं हाय." मी मान हलवली. हो म्हटलं. तोंडानं म्हटलं, हो.

दुपारी ती औक्षणाचं ताट करायला स्वयंपाकघरात गेली. मिनू पुढच्या खोलीत फुलबाज्यांच्या तारा वाकवत बसली होती. मी मागे गेलो. माझ्या माणसांना सांगितलं नाही, स्वतः केलं. काच ओली केली, कापड फिरवलं, वरून खाली रबराची पट्टी ओढली. दोन तावदानं. कितीसा वेळ लागतो? माझा तर हातखंडाच. बादलीतलं पाणी शाईसारखं झालं, ते मोरीत ओतलं आणि वर तांब्याभर स्वच्छ पाणी सोडलं. मग पाटावर जाऊन बसलो. ताईनं कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. माझ्या हाताची बोटं अजून ओली होती.

तिला संध्याकाळी दिसलं. मला वाटलं होतं, ओरडेल. ती नुसती खिडकीसमोर उभी राहिली. "पुसलं काय रे?" मी म्हटलं, सवयीनं हात गेला, ताई.  ती माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "जाऊ दे. तुह्या हाताले तरी काय दोष द्याचा. मीच दाराले कडी लावून ठेवाले पाहिजे होती."

साहेब आले. त्यांनी काचांवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ. घरं बघितली, तीही स्वच्छ. एकानं हसत विचारलं म्हणे, बाई, धूळ दाखवा ना कुठे आहे. ताईकडे दाखवायला काही नव्हतं. तक्रार तिथेच मिटली. पुढच्या उन्हाळ्यात मिनूचं फार झालं म्हणून तिला नागपूरला काकाकडे ठेवली. ती तिकडेच शिकली, मोठी झाली. आता येते, दोन दिवस राहते, आईशी पाहुण्यासारखं बोलते. काकूला आई म्हणते. एकुलती एक पोट्टी, आणि ताईच्या हातची पोळी कशी असते हे तिला धड आठवत नाही.

मी नसतं पुसलं तर कारखाना बंद झाला असता का? माहीत नाही. कदाचित साहेबांनी खिडकी बघूनही काही केलं नसतं. हे खोबरं मी खूप वर्षं चघळलं, त्यात आता रस उरला नाही. कारखान्याला जे करायचं ते कारखान्यानं केलं. ती खिडकी मी पुसली.

आणि पुढे? पुढे माझं छान झालं. मला देवानं शिक्षा-बिक्षा काही दिली नाही. पाठ दुखते, ती शिडीमुळे. झोप येते, गाढ येते. त्या वर्षाच्या कामावर दुसरं काम आलं, त्यावर तिसरं. आणि सगळ्यात मोठी जाहिरात कुणी केली ठाऊक आहे? ताईनं. जिथे जाईल तिथे सांगायची, माझ्या भावानं सगळा पारा पुसून दिला, एक दमडी घेतली नाही. निम्मं बीरगाव, त्यांचे नातेवाईक, नातेवाइकांचे मालक, सगळी गिऱ्हाइकं तिच्या तोंडून आली. मी एकदाही तिला थांबवलं नाही. का थांबवू? धंदा होता.

फक्त एका बाईनं ओळखलं होतं. बिसाहिननं. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी ती ताईला म्हणाली, "तोर भाई ला कारखाना वाला मन भेजे हें." तुझ्या भावाला कारखान्यानं पाठवलंय. ताईनं तिला उंबऱ्याबाहेर काढलं. एका ताटात जेवणाऱ्या बाया, त्यानंतर एकमेकींशी बोलल्या नाहीत. भिंतीला भिंत लागून घरं, नळावर रोज गाठ पडायची, तरी नाही. माझ्या भावावर आळ घेतला, म्हणायची ताई. पाऱ्यातल्या बाकीच्याही बिसाहिनपासून लांब झाल्या. खरं बोलल्याचं तिला हे मिळालं, आणि ते मला दिसत होतं. दर भाऊबिजेला दिसत होतं.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. म्हणा. मीही तुमच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी काचा पुसायला मलाच बोलावलं असतं.

हॉलवरच्या कार्यक्रमानंतर आठवड्यानं बिसाहिन गेली. मी त्या दिवशी ताईकडेच होतो, शाल दाखवायला गेलो होतो. शेजारी रडारड सुरू झाली, माणसं जमली, बांबू आले. ताई दारात उभी राहून बघत होती. केस पांढरे झालेत आता तिचे.  मग माझ्याकडे वळून, लहान पोर परवानगी मागतं तशी, म्हणाली, "जाऊ काय रे मी? शेवटचंच हाय. तुले वाईट नाही वाटणार असंन तर जातो."

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. तेवढंही नको, नुसतं "जा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला वाटलं, तिथे बिसाहिनची लेकरं आहेत. आईनं मरताना त्यांना काय काय सांगितलं असेल कोण जाणे. एखादा ताईजवळ बोलून बसला तर?

मी म्हटलं, नको जाऊ.

ताईनं दार लावून घेतलं.