दादाने बॅटऱ्या बघितल्या

लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, की चार नंबरचा नोझल फवारतोय की नुसता थुंकतोय. पंपवाल्याचा कान असा तयार होता. तीस वर्षं त्याने डिझेलचे पंप खोलले आणि बसवले. त्याच जोरावर घर उभं केलं, लग्न केलं आणि आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला शिकवलं. ही शेवटची गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे. गिऱ्हाइकाला सांगे, चहावाल्याला सांगे, आणि धाकटा समोर असला तर जरा रंगवून सांगे. उपकार करणारा माणूस परवडतो, त्यांची रोज उजळणी करणारा नाही.

पुढे गाड्या बदलल्या. पंपाची सद्दी संपली आणि कंट्रोलचा डबा आला. कोणत्या इंजेक्टरने कधी उघडायचं, किती डिझेल सोडायचं, हे आता तो वीतभर लांबीचा डबा विजेच्या इशाऱ्याने ठरवायला लागला. त्याला पेचकस लावून ऐकू येणार काय, कप्पाळ! पंपवाल्याने त्या डब्याशी उभा दावा मांडला. धाकट्याने तो उघडला, समजून घेतला आणि दुरुस्तही करू लागला.

धाकट्याची जागा म्हणजे गॅरेजच्या दारातलं पत्र्याचं टेबल, कंप्रेसरच्या शेजारी. बोर्डावरचे तडकलेले जोड तो तापल्या सळईने पुन्हा डाग देऊन जोडायचा. कंप्रेसर सुरू झाला की टेबल थरथरे आणि बिचारा हात वर धरून थांबे. त्याला मागची खोली हवी होती. तिथे पंप तपासायचं मोठं यंत्र पोतं पांघरून बसलं होतं. सहा महिन्यांत त्यावर एकही पंप चढला नव्हता, तरी पंपवाला रोज सकाळी ते पुसायचा.

एके दिवशी खडीवाला आला. त्याचे आठ ट्रक. एक ट्रक सकाळी गार असताना सुरू होत नव्हता. कसाबसा सुरू झालाच तर खोकत चाले आणि गरम झाला की सुतासारखा सरळ.

धाकट्याने ऐकल्याबरोबर सांगितलं, "डब्याचे जोड तडकलेत. गरम झाले की फुगून चिकटतात, गार झाले की सुटतात."

"मग काय करायचं ते बोला," खडीवाला म्हणाला.

"नवा डबा मागवता येईल, पण महिना जाईल. भंगारातल्या गाडीचा बसवता येईल, पण त्यात त्या गाडीचा हिशोब भरलेला असतो, तुमचं इंजिन त्याचं ऐकेलच असं नाही. नाहीतर हाच मी उघडतो. दोन दिवस लागतील."

"उस्ताद, तुमचं काय म्हणणं?"

उस्ताद म्हणजे पंपवाला. त्याचं म्हणणं भंगारातल्या डब्याचं होतं, पण ते तोंडातून निघायच्या आधीच खडीवाला धाकट्याकडे वळून म्हणाला, "तू उघड. पंधरा दिवस चालला तर माझ्या आठही गाड्या तुझ्याकडे." मग हसत त्याने जोडलं, "आणि याला जरा बरी जागा द्या हो उस्ताद, दारात काय बसवलंय चपला सांभाळल्यासारखं!"

चारचौघांत बोलणं झालं, माघार घ्यायची सोय उरली नाही. पंपवाला म्हणाला, "डबा चालला तर मागची खोली त्याची." धाकट्याचा चेहरा असा उजळला, की पंपवाल्याच्या पोटात कळ उठली. तिला मत्सर म्हणतात. तो आपल्याला कधी होत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

दोन दिवस धाकटा त्या बोर्डावर वाकलेला होता. वहिनी दुपारी जेवण घेऊन आली आणि तिने हाक मारली, "भाऊजी, डबा उघडा!" तर हा मान वर न करता म्हणाला, "उघडलाय केव्हाचा, आता बंद करतोय." वहिनी हसून हसून दमली. पंपवाला भिंतीकडे तोंड करून जेवला.

तिकडे ट्रक उभाच होता. पंपवाल्याने सहज मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट, झकास. मग सेल्फ मारला आणि काटा धाडकन सोळावर आला. बॅटऱ्या आतून बसल्या होत्या. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बॅटरी कमी देते, ती तूट भरून काढायला डबा जीव तोडून राबतो, तापतो आणि त्याचे जोड तडकतात. म्हणजे रोग बॅटऱ्यांचा, डब्याचं नुसतं दुखणं. या बॅटऱ्यांवर डबा बसवला तर तो चार दिवसांत मरणार, मग डाग कितीही सुबक असोत. पंपवाल्याने वायरी गुंडाळल्या आणि मीटर फळीवर ठेवून दिला.

धाकट्याने डबा बसवला. सेल्फ मारला. इंजिन पहिल्या दमात सुरू झालं, पण त्याने भुवई चढवली.

"दादा, सेल्फ जरा जड वाटतोय. बॅटऱ्या बघितल्यास का?"

"बघितल्या," पंपवाला म्हणाला.

खोटं काय होतं त्यात? बघितल्याच होत्या! नरो वा कुंजरो वा. धाकट्याचा मीटर त्याच्या खिशात होता, हात घातला असता तर अर्ध्या मिनिटाचं काम. पण मोठ्या भावाने बघितल्या म्हटल्यावर पुन्हा मीटर लावणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडणं. असली लाज त्याला दादानेच लहानपणापासून शिकवली होती. त्याने बॉनेट खाली घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी भरलेला ट्रक खाणीच्या चढावर बंद पडला. मागे गाड्यांची रांग लागली. खडीवाल्याने ट्रक ओढत आणला आणि दारातच तोंड सोडलं. "खेळणी दुरुस्त कर, खेळणी! तुझ्या भरवशावर बसलो, मीच गाढव!" धाकट्याने डबा उघडला. आत एक तुकडा काळा पडला होता. कशाने, ते त्याला कळेना.

पंपवाला पुढे झाला आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या साहेब, लहान आहे. शिकेल." चौतीस वर्षांचा माणूस लहान! खडीवाल्याची शिवी परवडली, ती निदान समोरून आली होती.

पंपवाल्याने नवा डबा मागवला. महिन्याने तो आला तेव्हा त्याने स्वतः बसवला, आणि जाता जाता बॅटऱ्याही नव्या घातल्या. कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. ट्रक भर थंडीत एका झटक्यात सुरू झाला. "शेवटी जुनं ते सोनं," खडीवाला म्हणाला. उस्तादाने मान डोलावली.

जुन्या बॅटऱ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. धाकट्याने भार द्यायला त्यांना हेडलाइटचा बल्ब जोडला आणि मीटर लावला. मग तो दादापुढे येऊन उभा राहिला.

"दादा, माझा मीटर या बसलेल्या दाखवतोय."

वहिनी जेवणाचे रिकामे डबे गोळा करत होती, तिचा हात थांबला. पंपवाल्याने ओळखलं, आता हा बोलणार, ओरडणार, कॉलर धरणार. धरावीच, असंही त्याला क्षणभर वाटलं. पण धाकट्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच, नुसता गोंधळ होता.

"पण तू तर बघितल्या होत्यास," तो म्हणाला. "म्हणजे माझा मीटरच चुकतोय ना?"

बोलायला एवढी मोठी फट कोणी कोणाला देत नाही. 

"जुना झालाय तो," पंपवाला म्हणाला.

धाकट्याने मान हलवली आणि मीटर भंगाराच्या पिंपात टाकला. वहिनी नवऱ्याकडे एकदाच बघून निघून गेली. त्यानंतर तिने त्याला स्वतःहून कधी जेवायला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा सायकल घेऊन बाहेर पडला. आजवर ज्या अकरा जणांचे डबे त्याने दुरुस्त केले होते, त्यांच्या दारी जाऊन त्याने सांगितलं, की माझा मीटर चुकीचा होता, डबे दुसरीकडे दाखवून घ्या. अकराच्या अकरा गाड्या व्यवस्थित चालत होत्या. तरी मालकांनी डबे काढून दुसरीकडे नेले, आणि पुन्हा त्याच्याकडे कोणी आलं नाही.

संध्याकाळी तो परत आला. पत्र्याचं टेबल त्याने स्वतःच उचलून बाहेर ठेवलं, हात धुतले आणि दादाजवळ येऊन बसला.

"यापुढे तूच बघत जा," तो म्हणाला. "मी आपला पाने-पेचकस देत जाईन."